छोट्या बोटीवरची आग: उजनी ते हिप्परगा, बोटवाल्यांचे वारंवार येणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात उजनी धरणाच्या पाण्यावर पक्षी दाखवायला बोटी नेणारे, हिप्परगा तलावावर हौसेने होडी बाळगणारे, मोठ्या शेततळ्यात पाहुण्यांना फिरवणारे अशा सगळ्यांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. डोळ्यांसमोर फायबरची किंवा पत्र्याची, दहा-बारा माणसांची, मागे आउटबोर्ड (बाहेरून टांगलेलं इंजिन) लावलेली किंवा आत लहान इंजिन बसवलेली बोट धरली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. चहूबाजूंनी पाणी असताना बोटीला आग लागतेच कशी?

बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारी परात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, स्वयंपाकाचा गॅस जवळजवळ दुप्पट जड. घरात गळती झाली तर थोडाफार गॅस दाराखालच्या फटीतून बाहेर पडतो. परातीला फट नसते, असली तर ती बुडेल. त्यामुळे सांडलेलं, गळलेलं सगळं तळातल्या फळ्यांखाली साचतं, आणि नेमकी तिथेच बॅटरी, पाणी उपसायचा पंप आणि वायरी असतात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के झाली की एक ठिणगी पुरते. कपभर, म्हणजे शंभर मिली पेट्रोल पूर्ण उडालं तर एक घनमीटरचा बंद खण त्या टप्प्यात जातो. भोवतीच्या पाण्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे उलटा पडतो, ते प्रश्न १७ मध्ये.

२. आउटबोर्डची सुटी टाकी बोटीत ठेवूनच कॅनने भरतो. इतकी वर्षं काही झालं नाही. चूक काय?

दोन चुका. भरताना टाकीतली वाफ बाहेर ढकलली जाते आणि ती तळात उतरते. शिवाय पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते. फायबरच्या किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या टाकीतून ती जमिनीत उतरू शकत नाही. कोरड्या हवेत, म्हणजे आपल्याकडे फेब्रुवारी ते मे, हा धोका वाढतो. पिकअपच्या मागच्या रबरी चटईवर कॅन ठेवून पंपावर भरणं तितकंच वाईट.

टाकी काठावर उतरवा आणि उघड्या जमिनीवर ठेवा. बिडी, मोबाइल, चालू इंजिन लांब. नरसाळ्याचं किंवा नोझलचं टोक टाकीच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. काठोकाठ भरू नका. पेट्रोल दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगतं. पहाटे भरलेली २५ लिटरची टाकी दुपारी २० अंशांनी तापली तर जवळपास अर्धा लिटर जास्तीची जागा मागते. उन्हात उभ्या मोटरसायकलच्या फुल्ल टाकीतून पेट्रोल ओघळतं, तेच इथे बोटीच्या तळात घडतं. म्हणून २५ च्या टाकीत २३ लिटर. झाकण लावून बाहेरून कोरडी पुसा, मगच बोटीत ठेवा. झाकणावरचा हवेचा स्क्रू चालताना उघडा आणि उभी असताना बंद. तो बंद ठेवून चालवलं तर इंजिन मरतं, उघडा ठेवून बोट उन्हात सोडली तर वाफ दिवसभर गळत राहते.

३. आमचं इंजिन डिझेलचं आहे. डिझेल काडीने पेटत नाही, मग काळजी कशाची?

थंड डिझेल काडीने पेटत नाही, हे खरं. पण आपल्याकडे विकलं जाणारं साधं डिझेल मानकाप्रमाणे किमान ३५ अंशांपर्यंत पेटती वाफ सोडणार नाही, एवढीच हमी असते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा ४० च्या वर असतो आणि बंद इंजिनखण त्याहून तापतो. पुण्या-मुंबईचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

डिझेलची आग मात्र बहुधा वेगळ्याच वाटेने येते. शेतीच्या पंपाचं इंजिन बोटीत बसवलं की त्याचा धुराचा पाइप कोरडाच राहतो आणि भाराखाली तीनशे अंशांच्या वर जातो. उच्च दाबाच्या नळीला केसाएवढी चीर पडली, त्यातून फवारा पाइपावर उडाला, की ठिणगीची गरजच उरत नाही. पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा, पण ती तेलाने भिजली की बदला. भिजलेली पट्टी म्हणजे पेटायला टपलेली वातच. आणि पाइप लाकडी फळीतून बाहेर काढला असेल तर भोवती चार बोटं मोकळी जागा आणि पत्र्याची कड ठेवा. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड आतून कोळशासारखं होतं आणि ताज्या लाकडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेट घेतं. म्हणूनच दहा वर्षं टिकलेली जोडणी अकराव्या वर्षी धोका देते.

४. पेट्रोलचा वास आला नाही तर इंजिन थेट चालू करू का?

उघड्या बोटीवर मागे टांगलेला आउटबोर्ड असेल तर हरकत नाही, तळाकडे एकदा नाक नेऊन बघा. इंजिन बंद खणात असेल तर मात्र नाकावर विसंबू नका. उभ्या माणसाचं नाक वर असतं, वाफ गुडघ्याखाली असते. आधी खणाचं झाकण उघडा, खाली वाकून वास घ्या, मग हवा खेचणारा पंखा निदान चार मिनिटं चालवा, मगच चावी. पंख्याची नळी तळाजवळ हवी, पण साचलेल्या पाण्याच्या वर. नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर पंखा नुसता गुणगुणतो.

५. इथेनॉलच्या पेट्रोलने पाइप खराब होतात म्हणतात. त्याचा आगीशी काय संबंध?

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचाही वाटा आहे. जुन्या रबराला ते फुगवतं किंवा ठिसूळ करतं. शिवाय ते पाणी शोषतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो, लोखंडी टाकी आतून गंजते आणि सूक्ष्म भोक पडतं. जुन्या फायबरच्या टाक्यांचं रेझिनसुद्धा इथेनॉल पोखरतं.

पाइप इंधनाचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक लेव्हल ट्यूब बोटीवर सर्रास दिसते. उन्हात ती काही महिन्यांत काचेसारखी कडक होते आणि क्लॅम्पच्या कडेला तडकते. तपासणी सोपी आहे: कोरडं पांढरं फडकं पाइपावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि फडक्याचा वास घ्या. वास आला, पाइप दाबल्यावर भेगा दिसल्या, किंवा पाइपातला पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबून कडक केल्यावर काही मिनिटांत ढिला पडला, तर पाइप, जोड आणि फुगा यांपैकी काहीतरी गळतंय.

६. गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीच्या इंजिनाला बसतो आणि निम्म्यात मिळतो. चालेल?

पेट्रोल इंजिनाच्या बंद खणात नाही. गाडीच्या स्टार्टरमध्ये ब्रशची ठिणगी उघड्यावर पडते. गाडीखाली वारा असतो म्हणून तिथे ते खपतं. बोटीसाठीचे हे भाग ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू नये असे बंदिस्त केलेले असतात, पैसे त्याचेच. कार्ब्युरेटरवरच्या जाळीचंही तसंच: इंजिनाने उलट भडका मारला तर ज्योत त्या जाळीत विझते. ती काढून गाडीचा कागदी एअर फिल्टर लावला की ज्योतीला वाट मोकळी.

डिझेल इंजिन असेल आणि त्याच खणात पेट्रोलची टाकी किंवा गॅस नसेल तर गाडीचा स्टार्टर चालून जातो. ही एवढीच सूट.

७. फ्यूज आहे, तरी वायर जळाली. असं कसं?

फ्यूज वायरच्या मापाने घातला नव्हता, किंवा तो चुकीच्या जागी होता, किंवा दोष फ्यूजला दिसण्यासारखाच नव्हता. तिसरं सगळ्यात फसवं.

फ्यूज उपकरणाला नाही, वायरीला वाचवतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला १० अँपिअर, अडीचच्या वायरला १५, यापुढे जाऊ नका. उपकरणावर त्याहून लहान फ्यूज सांगितला असेल तर तोच घाला. जागा बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात. टोकापासून फ्यूजपर्यंतची वायर कुणाच्याच राखणीत नसते, म्हणून ती जेवढी आखूड तेवढी बरी.

आता ढिला जोड. २० अँपिअर वाहताना जोडाला फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तर तिथे ४० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एक तापलेली सोल्डरिंग इस्त्री. प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून फ्यूज गप्प बसतो. पीळ देऊन टेप गुंडाळलेले जोड बोटीच्या हादऱ्याने असेच होतात. दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपणं) वापरा, घराच्या वायरिंगची एकेरी जाड तार नको, बारीक तारांची वायर हवी. अर्धा तास चालवून सगळे जोड हाताच्या पाठीने चाचपा. कोमट लागला तो जोड उघडा.

तळातला पंपही असाच. चिंधी, गुटख्याची पुडी किंवा शेवाळ अडकून पंखा थांबला की पंप नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. पंपावर छापलेल्या मापाचाच फ्यूज असेल तर तो उडतो. ‘सारखा उडतो म्हणून मोठा टाकला’ असं कुणी म्हटलं की आधी पंप उघडून बघा.

८. थ्री-फेज लाइट रात्री येते, म्हणून बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावतो. धोका आहे का?

आहे. शिसे-आम्लाची बॅटरी चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटतो. हा वायू हलका, वर जातो, म्हणून पेट्रोलच्या उलट इथे खणाचा वरचा भाग उघडा हवा. झाकण बंद, वर ताडपत्री, आत चार्जर, ही नेहमीची मांडणी सगळ्यात वाईट. बॅटरी काढून काठावरच्या शेडमध्ये चार्ज करणं उत्तम. क्लिप लावताना-काढताना आधी चार्जरचं बटण बंद, कारण ठिणगी पडते ती नेमकी बॅटरीच्या तोंडाशी.

एक्स्टेंशनची वायर गुंडाळीवरून पूर्ण सोडवा. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेत शिजते. रात्रीच्या लाइटचा दाब वर-खाली होत असेल तर बॅटरी भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जरच घ्या.

९. ड्रोनची बॅटरी, पॉवर बँक आणि लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या यांत फरक काय?

बोटीच्या विजेच्या मोटरला घ्यायचीच तर लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची घ्या, ती तुलनेने शांत असते. ड्रोन, कॅमेरा, पॉवर बँक यांतल्या बॅटऱ्या बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात आणि आतून बिघडल्या की स्वतःच्याच उष्णतेने भडकत जातात. त्यांना बाहेरच्या ठिणगीची गरज नसते. आपटलेली, फुगलेली, पाण्यात पडून वाळवलेली बॅटरी बोटीत आणू नका. पाण्यात पडलेली तर दुसऱ्या दिवशीही पेटू शकते.

फुसफुस आवाज किंवा गोडसर वास आला की ती वल्ह्याने किंवा जाळीने पाण्यात लोटा. हाताने उचलू नका, त्या धुरात तोंड घालू नका. प्रदूषण होतं, मान्य. पण बोटीत माणसं आहेत. मोठी बसवलेली बॅटरी लोटता येत नाही, तिच्यावर पाण्याचा मारा करत राहायचं आणि माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यायची.

१०. बोटीवर चहा-भजी किंवा हुरडा करता येईल का?

हुरडा काठावर. आगटी, गोवऱ्या आणि वारा हे त्रिकूट बोटीवर नकोच. गोवरीचा निखारा वरून राख दिसतो आणि फळीच्या फटीत पडून तासाभराने धूर काढतो.

चहासाठी पाच किलोची टाकी नेणारच असाल तर ती उघड्या डेकवर, उभी आणि बांधलेली हवी, खणात नाही. जोडांना दर वेळी साबणाचा फेस लावा. काम झालं की शेगडीचं नव्हे, टाकीचंच बटण बंद करा. आउटबोर्डची टाकी आणि शेगडी बोटीच्या विरुद्ध टोकांना. भजी नको, कारण शेजारून गेलेल्या बोटीची एक लाट कढई कलंडायला पुरते.

गॅस तळात उतरल्याची शंका आली तर कुठलंच बटण दाबू नका, पंपही नाही. इंजिन बंद. लोक हसतील, पण प्लास्टिकच्या बादलीने तळातली हवा पाण्यासारखी उपसून बाहेर ओतता येते, जड गॅस खरोखर निघतो.

११. तेलकट चिंध्या आपोआप पेटतात हे खरं की ऐकीव?

खरं, पण सगळ्या तेलांबाबत नाही. जवसाचं तेल आणि त्यावर आधारलेलं वार्निश, म्हणजे लाकडी फळ्यांना लावायचं, हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना तापतं. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते तसाच प्रकार. चिंध्यांचा गोळा केला की उष्णता आत कोंडते आणि काही तासांत धूर येतो. आपल्याकडे यंत्रमागांमुळे सुताचं वेस्ट स्वस्तात, पोत्याने मिळतं, म्हणून ढीगही मोठे होतात. वापरलेलं वेस्ट दोरीवर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा. इंजिन ऑइलच्या चिंध्या आपणहून पेटत नाहीत, तरी त्या धुराच्या पाइपाजवळ नकोत (प्रश्न ३).

१२. फायबरला ठिगळ लावताना रेझिनच्या मगातून धूर आला. काय चुकलं?

हार्डनर जास्त पडला किंवा मिश्रण एकदम जास्त केलंत. पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ थरात ती उडून जाते, मगात कोंडते. हार्डनर एक किलोला १० ते २० मिली. उन्हाळ्यात १० च्या जवळ राहा आणि सकाळी काम करा. एका वेळी पाव किलोच कालवा. उरलेलं पसरट ताटलीत ओता, मगात ठेवून जेवायला जाऊ नका. ॲसिटोन त्या जागेपासून लांब ठेवा.

याहून मोठी चूक एक आहे: कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, त्यांचा स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग वेगळ्या मापाने हार्डनर. दोन्हींना एकच झाकण किंवा सिरिंज वापरणं हीसुद्धा तीच चूक.

१३. ड्रमच्या तराफ्याला कान वेल्ड करायचे आहेत. ड्रम रिकामे आहेत, मग हरकत काय?

रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा घातक. भरलेल्यात वाफेला जागा नसते. रिकाम्यात तळाशी चिकटलेल्या थेंबांची वाफ आणि हवा नेमक्या वाईट प्रमाणात असतात. आधी काय होतं ते माहीत नसेल तर त्या ड्रमला आच लावूच नका, पट्ट्या आणि बोल्टने बांधा. माहीत असेल तर सोडा-साबणाच्या गरम पाण्याने धुवा, दोन्ही बुचं काढा, वेल्डच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा आणि वरची हवा वाहती ठेवा.

पत्र्याच्या बोटीतल्या बंद हवाकोठ्यांचंही तेच. कोठी निर्दोष असली तरी तापलेल्या हवेचा दाब पत्रा फाडू शकतो. एक भोक पाडा, वेल्ड करा, शेवटी भोक बुजवा. पत्र्यामागे थर्माकोल भरलेला नाही ना, तेही आधी बघा.

१४. पाण्याच्या बाटलीने आग लागू शकते का?

हो. गोल, पारदर्शक, भरलेली बाटली भिंगासारखी ऊन एका ठिकाणी गोळा करते. लागायचं प्रमाण कमी, पण ताडपत्री किंवा गादीवर डाग पडलेले दिसतात. मोठ्या लेन्सचा धोका जास्त खरा. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला येणारे छायाचित्रकार कॅमेरा सीटवर उताणा ठेवतात, लेन्सची टोपी न लावता. सूर्य समोर आला की आत पडदा जळतो किंवा मागे कापड. टोपी लावा, टॉवेल टाका.

१५. इंजिन अचानक तापतं, रबर जळाल्याचा वास येतो. कारण?

आधी मागची बारीक धार बघा. चालू आउटबोर्डच्या अंगातून पाण्याची धार सतत पडायला हवी. ती तुटली किंवा वाफाळली तर पाणी ओढायच्या जाळीत जलपर्णीची मुळं किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे. इंजिन बंद, वर उचला, साफ करा. त्यानेही धार येत नसेल तर आतला रबरी पंखा झिजला आहे. बोट काठावर असताना कोरडं इंजिन ‘अर्धा मिनिटच’ चालवून बघितल्याने तो झिजतो.

धार नीट असूनही वास येत असेल तर इंजिनाचा टोप, म्हणजे वरचं झाकण, उघडा. चार-सहा आठवडे उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या टोपाखाली साळुंकीचं घरटं किंवा उंदराने आणलेला कापूस सापडतो, आणि उंदीर असला तर कुरतडलेला पाइपही.

१६. उजनी वजात गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी खाली गेलं, की बोट दोन-तीन महिने चिखलात बसते. पुन्हा सोडताना काय तपासू?

जाताना टाकी काढून घरी न्या आणि बॅटरीची टोकं सोडा, म्हणजे निम्मं काम तिथेच होतं. परतल्यावर टोप उघडून घरटं, पाइपाला फडकं (प्रश्न ५), जोड (प्रश्न ७), तळातला कचरा. जुनं पेट्रोल वापरू नका. पहिलं स्टार्ट प्रवाशांशिवाय, काठाला बांधून, अग्निशामक हातात ठेवून.

१७. अग्निशामक कोणता, किती, कुठे? आणि पाणी कधी चालतं?

एबीसी पावडरचा, आयएसआय चिन्हाचा, किमान २ किलोचा. इंजिन बंद खणात असेल तर दोन. कार्बन डायऑक्साइडचा उघड्या बोटीवर वाऱ्याने वाया जातो. जागा चालवणाऱ्याच्या हाताशी, पण इंजिन आणि शेगडीपासून लांब. आगीच्या पलीकडे टांगलेला अग्निशामक कामाचा नसतो. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का बघा आणि उलटासुलटा करून पावडर मोकळी करा. दोन किलोचा साधारण आठ-दहा सेकंद चालतो, प्रवाशांना हे आधीच सांगितलेलं बरं.

पाणी लाकूड, कापड, दोर आणि लिथियम बॅटरीला चालतं. पेट्रोल, डिझेल, उकळतं तेल यांवर नाही. पातेल्यातल्या आगीवर ओली पिळलेली सुती चादर पसरून झाका, आपली सोलापुरी उत्तम. पॉलिस्टरची ब्लँकेट वितळते.

१८. आग लागलीच तर आधी काय?

इंजिन बंद आणि इंधनाचा पाइप सोडा. सगळ्यांनी लाइफ जॅकेट चढवायचं, विझवायला नंतर. मग बोट फिरवा: आग मागे असेल तर पुढचं टोक वाऱ्याकडे, म्हणजे ज्वाळा माणसांपासून दूर वाहतील. इंजिन बंद असल्याने हे वल्ह्यानेच होतं. पुढच्या टोकावरून नांगर टाकला तर बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड करते. आग पुढे असेल तर उलट.

अग्निशामकाची पिन ओढा, ज्वाळेवर नाही तर मुळाशी रोख धरा, आडवं झाडल्यासारखं फिरवा. बंद खणातली आग असेल तर झाकण उघडू नका, आत शिरलेल्या हवेने ती उसळते. झाकणात आधीच एक-दीड इंचाचं बुचाचं भोक करून ठेवा आणि त्यातून पूर्ण सिलिंडर रिकामा करा. दोन सिलिंडर संपूनही आग चढत असेल तर बोट सोडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूने उतरा आणि त्याच दिशेने लांब पोहा. पेटलेलं पेट्रोल पाण्यावर वाऱ्यासोबत पसरतं. ११२ ला फोन करताना जवळचं गाव आणि कुठला काठ ते सांगा, नुसतं ‘उजनीत’ म्हणून उपयोग नाही.

१९. पायडल बोटीला इंजिनच नाही. तिला काय होणार?

पाण्यावर फारसं काही नाही. काठावर मात्र होतं. पोटात थर्माकोल, अंग फायबरचं, आणि ओळीने उलट्या रचलेल्या बोटींभोवती मार्चमधलं वाळलेलं गवत. बिडीचं थोटूक किंवा बांध जाळताना उडालेली ठिणगी पुरते, आणि एक पेटली की रांग जाते. भोवतीचं गवत दोन-तीन मीटर काढून टाका. पेट्रोलचे कॅन त्यांच्या आडोशाला ठेवू नका, सांडलेलं पेट्रोल थर्माकोल विरघळवतं.

२०. आमची बोट हौसेची आहे. नोंदणी-तपासणी लागते का?

यांत्रिक बोट असेल तर १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ बघावा लागतो. प्रवासी नेऊन पैसे घेत असाल तर ‘हौसेची आहे’ हे उत्तर टिकणार नाही.

२१. आग विझली. आता इंजिन चालू करून काठावर यायचं ना?

नाही. पाइप वितळलेला असतो, वायरींचं आवरण गेलेलं असतं आणि टाकीची वाफ तळात असते. चावी फिरवली की दुसरी आग, आणि आता अग्निशामक रिकामा. बॅटरीची टोकं सोडा. बंद खण निदान पंधरा-वीस मिनिटं बंदच ठेवा, झाकणाला हात लावून ते गार झालं की आधी फटीएवढंच उघडा. वल्ह्याने या, किंवा दुसऱ्या बोटीला ओढायला सांगा. दोर लांब ठेवा, निदान दोन-तीन बोटींच्या लांबीचा, आणि माणसं आधी त्या बोटीत घ्या. काठाला लागल्यावरही जळलेली बोट इतर बोटींच्या रांगेत बांधू नका, रात्रभर वेगळी ठेवा.